ट्रायल्स मोटरसायकलची घरच्या घरी देखभाल: धुण्यापासून क्रँक सीलपर्यंत

ट्रायल्सच्या गाडीला सीट नसते, वेगाची हौस नसते आणि बऱ्याच गाड्यांना बॅटरीही नसते. साधारण ६५ ते ७५ किलोची ही गाडी दगडांवरून, ओंडक्यांवरून, ओढ्यातून पाय न टेकता न्यायची. पाय टेकला की दंडाचा गुण. तिची दुखणीही त्यामुळे वेगळी असतात. रस्त्यावरची गाडी किलोमीटरने झिजते. ट्रायल्सच्या गाडीचं इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं म्हणून बरीच वर्षं टिकतं, पण ज्या ज्या फटीत पाणी आणि चिखल शिरतो त्या जागा आधी जातात: मागच्या शॉकअपच्या लिंकेजमधली (शॉकअपला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणाऱ्या सांध्यांमधली) बेअरिंग, थ्रॉटलची नळी, एअर फिल्टरची कड, चाकांची बेअरिंग. शिवाय इथे चालवणाऱ्याचा सगळा तोल क्लचवरच्या आणि ब्रेकवरच्या एकेका बोटावर असतो. क्लच किंचित चिकटला किंवा थ्रॉटल परत यायला जरा आळसावला तरी गाडी कड्यावरून उलटू शकते. माझ्या मते घरच्या देखभालीतला निम्मा वेळ हाताला लागणाऱ्या गोष्टींवर जायला हवा. इंजिन उघडायची वेळ क्वचित येते.

सुरुवातीला तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा. बेटा, गॅसगॅस, शेर्को, माँटेसा, टीआरआरएस यांच्या गाड्या लांबून सारख्या दिसल्या तरी तेलाचं प्रमाण, बोल्ट किती ताकदीने आवळायचा, चेन किती सैल ठेवायची हे प्रत्येकीचं वेगळं. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच धरायचं.

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १० आणि १३ नंबरचे टी पाने, ४ ते ६ मिलिमीटरच्या एलन की, स्पोकची चावी, ब्रेक ऑइल भरायला जाड सिरिंज, व्हर्निअर कॅलिपर, आणि दोन गोष्टी ज्यांत काटकसर करू नये: ५ न्यूटन मीटरपासून सुरू होणारा छोटा टॉर्क रेंच, आणि जास्तीत जास्त १५ पीएसआय दाखवणारा हवेचा गेज. इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये बसणारे ६ मिलिमीटरचे बोल्ट जेमतेम १० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. अंदाजाने आवळणाऱ्याच्या हातून तिथले आटे जातात, आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्यात अर्धा दिवस जातो.

धुणं म्हणजेच तपासणी

चिखल वाळायच्या आत गाडी धुवा, पण इंजिन तापलेलं असताना गार पाणी मारू नका. सायलेन्सरच्या तोंडाला रबरी बूच लावा, एअर फिल्टरच्या खोक्याचं तोंड झाका. प्रेशर पंप वापरणार असाल तर नोझल लांब धरा आणि चाकांची बेअरिंग, लिंकेज, हँडलखालची बेअरिंग, फोर्कचे सील, रेडिएटरच्या नाजूक पात्या यांच्यावर थेट धार सोडू नका. जोराच्या पाण्याने सीलच्या ओठामागे गेलेला थेंब महिन्याभरात बेअरिंगला गंज चढवतो. कोमट साबणपाणी, जुना ब्रश आणि बागेच्या नळीचं पाणी यांनी काम उत्तम होतं.

ब्रश फिरवताना डोळे उघडे ठेवा. इंजिनखालच्या बॅश प्लेटचे बोल्ट, किकचा बोल्ट, पेगच्या (पाय ठेवायच्या दांड्यांच्या) पिना, मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट बघत जा. आवळलेल्या बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली की ढिला झालेला बोल्ट रेघ तुटलेली दिसताच कळतो. धुऊन झाल्यावर गाडी दोन-तीन मिनिटं सुरू ठेवा, ब्रेक दाबत थोडी पुढेमागे करा, मग चेनला तेल द्या.

एअर फिल्टर

फिल्टर फोमचा असतो आणि तेलाशिवाय निरुपयोगी असतो, कारण धूळ फोममध्ये अडकत नाही, फोमवरच्या चिकट तेलात अडकते. दर वेळी चालवून आल्यावर तो काढून बघा. काढण्यापूर्वी खोकं पुसून घ्या, नाहीतर काढतानाच माती कार्बोरेटरच्या तोंडात पडते.

फिल्टर क्लीनरमध्ये किंवा रॉकेलमध्ये दाबून दाबून धुवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात. पिळू नका, पिळल्याने दोन थर चिकटवलेल्या जागी सुटतात. पेट्रोलमध्ये धुवू नये, डिंक विरघळतो आणि आगीचा धोका वेगळाच. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत मळा, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत. जादा तेल दाबून काढा. बसवताना कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि कड सगळीकडून बसली का ते बोट फिरवून बघा. बसवायच्या आधी फिल्टरमागच्या रबरी नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला बारीक वाळू लागली तर फिल्टरच्या कडेकडून धूळ आत जातेय, आणि पिस्टनच्या रिंगा तिथूनच संपतात.

थ्रॉटल, लिव्हर आणि सुरक्षेची दोरी

गाडी पडते तेव्हा हँडलचं टोक मातीत घुसतं आणि थ्रॉटलच्या नळीत बारीक कचरा जातो. थ्रॉटल पूर्ण पिळून सोडला की खट्कन बंद झाला पाहिजे. हँडल सरळ ठेवून, डावीकडे पूर्ण वळवून, उजवीकडे पूर्ण वळवून, तिन्ही स्थितींत बघा. जरा जरी रेंगाळला तर थ्रॉटलचा खोका उघडा, नळी हँडलवरून ओढून काढा, हँडलचा पाइप आणि नळीची आतली बाजू पुसून कोरडी करा. इथे ग्रीस लावू नये, धूळ धरून ठेवतं, कोरडंच बसवा. केबलला २-३ मिलिमीटर ढील ठेवा. इंजिन सुरू असताना हँडल वळवल्यावर आयडलिंग वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय, तिचा मार्ग बदला.

लिव्हरच्या क्लॅम्पखाली हँडलवर प्लंबरची पांढरी टेप दोन वेढे गुंडाळा आणि क्लॅम्प इतकाच आवळा की हाताने जोर लावल्यावर लिव्हर फिरेल. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. लिव्हरच्या खिळीला वर्षातून दोनदा तरी काढून ग्रीस द्या.

मनगटाला अडकवायच्या चुंबकाच्या दोरीची परीक्षा रोज घ्यायची: इंजिन सुरू करा, दोरी ओढा, इंजिन लगेच बंद झालं पाहिजे. नाही झालं तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. आणि गाडी अजिबात सुरू होत नसेल तर कार्बोरेटर उघडायच्या आधी या दोरीचं चुंबकी बटण बघा.

क्लच

रात्रभर उभ्या गाडीच्या क्लच प्लेट तेलाने एकमेकींना चिकटतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी पुढेमागे ढकला; प्लेट सुटल्याचं हाताला कळतं. इंजिन गरम झाल्यावरही क्लच दाबून गाडी पुढे ओढत असेल तर या क्रमाने जा.

१. गिअर ऑइल बदला. बऱ्याच टू-स्ट्रोक ट्रायल्स गाड्यांत पातळ तेल लागतं, काहींत तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ. जाड तेल घातलं की प्लेट सुटायला वेळ लावतात. इंजिन गरम करून तेल काढा आणि रंग बघा. दुधी चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बहुतेक वेळा वॉटर पंपाचं सील गेलेलं असतं.

२. क्लचच्या हायड्रॉलिकमधली हवा काढा. इथे एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: काही गाड्यांच्या क्लचमध्ये डॉट ४ ब्रेक ऑइल असतं, काहींत मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, तेलाचं भांडं असलेला) आणि खालचा सिलिंडर दोन्ही वाया जातात. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं वाचूनच बाटली उघडा. हवा वर चढते, म्हणून खालच्या सिलिंडरच्या निपलला (हवा काढायच्या तोंडाला) सिरिंज लावून तेल खालून वर हळूहळू ढकला. वरून लिव्हर मारत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. वरचं भांडं भरून सांडणार नाही एवढं बघा. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा.

३. एवढ्यावर भागलं नाही तर प्लेट बाहेर काढा. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका आणि गाडी डाव्या बाजूवर आडवी करा. क्लच उजवीकडे असलेल्या गाड्यांत तेल न सांडता झाकण उघडता येतं. प्लेट ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. स्टीलच्या प्लेट काचेवर ठेवून वाकल्यात का बघा. फ्रिक्शन प्लेटवरच्या तुकड्यांच्या मधल्या खाचांत कधीकधी कारखान्यातला जादा डिंक राहिलेला असतो. तो पातळ पात्याने अलगद खरवडला की चिकटणं बरंच कमी होतं. बास्केटच्या (प्लेट ज्यात बसतात त्या भांड्याच्या) दातांवर प्लेटनी खड्डे पाडले असतील तर बारीक कानशीने कडा सपाट करा. प्लेटच्या थप्पीची एकूण जाडी व्हर्निअरने मोजा, कारण डायफ्रॅम स्प्रिंगच्या क्लचमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनीही लिव्हरची पकड बदलते. नव्या प्लेट बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजवा.

लिंकेज: गाडीतली सर्वात दुर्लक्षित जागा

मागच्या शॉकअपचं लिंकेज इंजिनमागे, जमिनीच्या अगदी जवळ लोंबतं. प्रत्येक ओढा आधी तिथून जातो. बेअरिंग गंजत असतं तरी आवाज येत नाही. मागचा भाग फक्त थोडा जड वाटायला लागतो, आणि चालवणारा टायरला दोष देतो. पाण्या-चिखलात चालणारी गाडी असेल तर वर्षातून दोनदा हे उघडा.

बॅश प्लेटखाली लाकडी ठोकळा ठेवून मागचं चाक अधांतरी करा. चाक वर-खाली हलवा. शॉकअप दबायच्या आधी टक् असा खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा स्लीव्ह (बेअरिंगच्या आतली नळी) झिजली आहे. लिंकेजचे बोल्ट काढताना कोणता कुठून आणि कुठल्या बाजूने बसला होता ते लिहून ठेवा, लांबी सारखी नसते. बोल्ट स्लीव्हला गंजून धरला असेल तर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा आणि पितळी दांड्याने ठोका. थेट हातोडीने बोल्टचं तोंड पसरतं आणि मग तो कुठूनच निघत नाही.

स्लीव्ह बाहेर ओढाल तेव्हा खाली पसरट ताट ठेवा. काही नीडल बेअरिंगमधल्या सुया सुट्या असतात आणि त्यातली एक हरवली तरी पूर्ण बेअरिंग बदलावं लागतं. सुया रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, भिंगाखाली बघा. तपकिरी डाग पुसले जात असतील तर चालेल. नखाला खळगा लागला तर नवं बेअरिंग. बेअरिंगच्या घराच्या आत वॉटरप्रूफ ग्रीसचा जाड थर द्या, त्यात सुया एकेक करून चिकटवा, सीलच्या ओठालाही ग्रीस लावा, मग स्लीव्ह हळूच सारा. बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस, आट्यांना मॅन्युअल म्हणेल ते. स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) मुख्य बोल्टही त्याच बैठकीत काढून घ्या, हत्यारं बाहेर आहेतच.

हँडलच्या बेअरिंगसाठी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग बदलायची वेळ आली. फोर्कमधून तेल पाझरत असेल तर सील बदलायच्या आधी धुळीचं सील खाली सरकवून पातळ प्लॅस्टिकची पट्टी सीलच्या ओठाखालून गोल फिरवा. वाळूचा एखादा कण निघतो आणि गळती बऱ्याचदा थांबते.

टायर आणि चाकं

मागे ४.०० रुंदीचा १८ इंची ट्यूबलेस रेडियल, पुढे २.७५ चा २१ इंची, बहुतेकदा ट्यूबचा. हवा मागे ४ ते ५ पीएसआय, पुढे ५ ते ७. इतक्या कमी हवेत अर्धा पीएसआय म्हणजेसुद्धा मोठा फरक. पेट्रोल पंपावरचा गेज इथे उपयोगाचा नाही. हवा चालवायच्या जागी पोचल्यावर, टायर गार असताना बघा.

ट्यूबलेस टायर रिमवर चढवताना रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करा, साबणपाणी भरपूर लावा आणि व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा झपाट्याने भरा, म्हणजे टायर आवाज करून कडेला बसतो. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. बसत नसेल तर हवा सोडा, परत साबण लावा आणि पुन्हा करा. रोज थोडी हवा कमी होत असेल तर चाक पाण्यात फिरवा. बुडबुडे रिमच्या मधून, स्पोकच्या बाजूने आले तर आतला रबरी पट्टा काढून, खाच साफ करून नीट बसवावा लागेल.

स्पोक पान्याने हलके वाजवत जा. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा हवा. बद्द वाजेल तो पाव फेरा आवळा, एका दमात जास्त नको.

चेन आणि ब्रेक

चेन ५२० मापाची असते. २० कड्यांची लांबी नवी असताना ३१७.५ मिलिमीटर भरते. ताणून मोजल्यावर ३२३ च्या पुढे गेली तर दोन्ही स्प्रॉकेटसकट बदला. चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि ती पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आल्यावरही पूर्ण ताणली जात नाही ना ते बघा. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट बेअरिंगवर सगळा भार टाकते. चेन ताणायला एक्सलच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, गोगलगायीच्या आकाराच्या कॅमचा आकडा सारखा हवा, तरी मागून चेनच्या रेषेत डोळा लावून खात्री करा. तेल आतल्या बाजूने, थेंबाथेंबाने द्या. ब्रेक डिस्कवर स्प्रेचा एक शिंतोडाही उडू देऊ नका, पॅड तेल पितात आणि मग ते घासून सुधारत नाहीत, बदलावेच लागतात.

पॅडची जाडी १ मिलिमीटरवर आली की नवे घाला. नवे बसवताना कॅलिपरचे पिस्टन थोडे बाहेर काढून ब्रेक ऑइलने पुसा आणि मगच आत ढकला. चिखलासकट ढकलले तर सील कापतं.

पेट्रोल, कार्बोरेटर आणि थंडावा

१९६५ मध्ये ट्रायल्सचे खेळाडू सॅमी मिलर यांनी बुल्टाको कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोकवर स्कॉटलंडमधली सहा दिवसांची स्पर्धा, स्कॉटिश सिक्स डेज, जिंकली, आणि मोठ्या फोर-स्ट्रोकचं राज्य ओसरलं. आजही बहुसंख्य गाड्या टू-स्ट्रोकच आहेत, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम तुमच्याकडे. प्रमाण ८० ला १ असेल तर ५ लिटरला ६२.५ मिलिलिटर, ६० ला १ असेल तर ८३. मोजपात्राने मोजा. मिश्रण महिन्याभरापेक्षा जुनं झालं तर वापरू नका. २००५ मध्ये आलेली माँटेसा कोटा ४आरटी ही फोर-स्ट्रोक, बॅटरीशिवाय इंजेक्शनवर चालणारी. तिच्यात इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगवेगळं असतं आणि व्हॉल्व्हचं अंतर तपासावं लागतं.

ट्रायल्समध्ये थ्रॉटल क्वचितच पावापेक्षा जास्त उघडतो, त्यामुळे पायलट जेटच (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) सगळं ठरवतं. गाडी आयडलला धडधडते, हळू चालताना अडखळते, तर आधी हा जेट काढून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत वापरा. कार्बोरेटरच्या बाजूचा, मिश्रण जुळवायचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत पूर्ण जाईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून ठेवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आणि परिणाम उलट.

वेग नसल्यामुळे रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळं पंख्यावर. पात्यांमधला चिखल मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढा. इंजिन तापूनही पंखा फिरत नसेल तर थर्मो स्विचच्या दोन वायर इंजिन सुरू असताना एकमेकींना जोडून बघा. पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर पंखा किंवा वायरिंग. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

क्रँकचे दोन सील ओळखताना

टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना सील असतात आणि दोघांची लक्षणं वेगळी. कार्बोरेटरचे जेट बदलत बसण्याआधी हे तपासलं तर आठवडे वाचतात.

मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं की इंजिन तिथून कोरडी हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडल्यावर आवाज वरच राहतो आणि सावकाश उतरतो, प्लग पांढुरका दिसतो. आधी कार्बोरेटरच्या रबरी जोडाला भेग नाही ना, रीड व्हॉल्व्हच्या (इंजिनात मिश्रण एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) पाकळ्या पूर्ण मिटतात ना हे बघा, कारण लक्षण तेच. मग मॅग्नेटोचं झाकण उघडा. आत तेलकट ओल असेल तर सील बदला. फ्लायव्हील पुलरनेच काढायचं. हातोडीने ठोकलं तर क्रँकच वाकतो.

क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढतं. धूर वाढतो, प्लग काळा ओला होतो आणि गिअर ऑइल बाहेर कुठेही न गळता कमी होत जातं. ऑइल बदलताना जुनं मोजून ठेवायची सवय असेल तर हे पहिल्याच वेळी लक्षात येतं. कधी उलट होऊन गिअर ऑइलला पेट्रोलचा वास येतो. या बाजूला प्रायमरी गिअर काढावा लागतो; त्याचा नट कोणत्या दिशेने सुटतो ते मॅन्युअलमध्ये वाचूनच पाना लावा.

गाडी महिनाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं आणि पायलट जेटमध्ये चिकट थर सोडतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल टाका, किक हाताने दोनदा सावकाश फिरवा, प्लग परत लावा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं घाला आणि परत सुरू करताना आठवण राहावी म्हणून त्याचं एक टोक हँडलला बांधून ठेवा.